दगडखाणीचा शेजार

मुंबईहून नाशिककडे जाणारी आगगाडी आसनगाव, आटगाव, खर्डी ही शहापूर तालुक्यातील स्थानके मागे टाकून कसाऱ्याकडे जाते, तेव्हा रुळांखालची खडी आणि खिडकीतून दिसणारे डोंगर हे एकाच जातीच्या दगडाचे असतात. हा दगड म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून तो तयार झाला. ठाणे, कल्याण, मुंबई येथील रस्ते, पूल आणि इमारतींचे काँक्रीट यांत याच दगडाची खडी असते. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत लोखंड किंवा कोळसा निघत नाही. इथे 'खाण' म्हटले की दगडाची खाण, आणि तिच्या शेजारी खडी फोडणारे क्रशर.

खाण आली की तिला शेजार आलाच. हा शेजार बहुधा ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा आदिवासी पाड्यांचा किंवा कुणबी शेतकऱ्यांच्या गावांचा असतो. खाणचालकाने या शेजाऱ्यांशी चांगले संबंध कसे ठेवावेत, असा प्रश्न विचारला की ठराविक उत्तरे येतात: देवळाला पत्रे द्यावेत, क्रिकेटच्या सामन्यांना बक्षिसे द्यावीत, शाळेला वह्या वाटाव्यात. या गोष्टी वाईट नाहीत. परंतु सुरुंगाच्या हादऱ्याने घरातली भांडी वाजू लागली आणि विहिरीचे पाणी एप्रिलऐवजी फेब्रुवारीतच तळाला गेले, की वह्या आठवत नाहीत. चांगला संबंध दोन गोष्टींवर उभा राहतो असे आम्हांला वाटते. एक, काम सुरू होण्याआधी विचारणे. आणि दुसरी, काम सुरू झाल्यावर होणारा त्रास दोघांनी मिळून मोजणे. दुसऱ्या गोष्टीत विज्ञानाचा आणि शाळेचा संबंध येतो, म्हणून हा विषय शिक्षकांपुढे मांडत आहोत.

एका खाणीचा हिशोब

समजा, एका टेकडीवर एक हेक्टर क्षेत्राची खाण आहे आणि ती सरासरी दहा मीटर खोल जाणार आहे. म्हणजे एक लाख घनमीटर दगड निघेल. आपल्याकडे दगड 'ब्रास'मध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, किंवा सुमारे २.८३ घनमीटर. त्यामुळे डोंगरातील हा अखंड दगड सुमारे ३५,००० ब्रास भरेल. फोडल्यावर मध्ये पोकळ्या राहतात, म्हणून खडीचे माप याहून जास्त येईल. बेसाल्टच्या एका घनमीटरचे वजन २.८ टन धरले, तर एकूण वजन २ लाख ८० हजार टन होते. एका ट्रकमध्ये २० टन माल जातो असे धरल्यास १४,००० खेपा होतील. प्रत्येक ट्रक भरून जातो आणि रिकामा परत येतो. म्हणून रस्त्यावरच्या शाळेसमोरून २८,००० वेळा ट्रक जाणार. हे काम पाच वर्षे, वर्षाला ३०० दिवस चालले, तर रोज सरासरी १९ वेळा.

सातवीच्या विद्यार्थ्याला करता येईल असा हा हिशोब आहे. गावाला खाणीची माहिती देताना पहिल्याच दिवशी तो फळ्यावर मांडून दाखवला, तर पुढचे निम्मे वाद टळतील. 'विकास होईल, रोजगार मिळेल' या वाक्यावरून गावाला काहीच ठरवता येत नाही. 'रोज १९ ट्रक, पाच वर्षे' यावरून मात्र ठरवता येते. ट्रक शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी थांबवावेत, मालावर ताडपत्री टाकावी, रस्ता बाहेरून वळवावा, अशा अटी मग आपोआप सुचतात.

हादरा

खाणीबद्दलची पहिली तक्रार हादऱ्याची असते. कातळात छिद्रे पाडून त्यांत स्फोटके भरतात आणि सुरुंग उडवतात. स्फोटाच्या ऊर्जेचा काही भागच दगड फोडण्यात खर्च होतो. उरलेल्या ऊर्जेपैकी काही जमिनीतून लाटांच्या रूपाने पसरते. ही लाट पोहोचली की जमिनीचे कण मागेपुढे हलतात. ते किती वेगाने हलतात, हे मिलिमीटर दर सेकंद या एककात मोजतात. भारताच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ साली काढलेल्या परिपत्रकात यासाठी मर्यादा दिल्या आहेत. खाणमालकाच्या मालकीची नसलेली घरे, कच्ची असोत की विटासिमेंटची, त्यांच्यापाशी कंपनाची वारंवारता सेकंदाला ८ पेक्षा कमी असेल तर वेग ५ मिलिमीटर, ८ ते २५ असेल तर १० मिलिमीटर आणि त्याहून जास्त असेल तर १५ मिलिमीटर दर सेकंद यापेक्षा अधिक नसावा. मंद कंपने घराला अधिक घातक असतात, कारण घराची स्वतःची डोलण्याची वारंवारता त्यांच्या जवळपास असते. झोका त्याच्या तालात ढकलला तर तो मोठा होत जातो, तसेच हे आहे.

हा वेग दोन गोष्टींवर मुख्यतः अवलंबून असतो: घराचे अंतर आणि एका क्षणी उडणाऱ्या स्फोटकांचे वजन. अंतराला वजनाच्या वर्गमुळाने भागून येणारी संख्या जितकी मोठी, तितका हादरा कमी. घर ३०० मीटरवर असेल आणि एका क्षणी २५ किलो स्फोटके उडत असतील, तर २५ चे वर्गमूळ ५, आणि ३०० भागिले ५ म्हणजे ६०. तेच घर १५० मीटरवर असेल तर ही संख्या ३० होते, आणि हादरा दुप्पट न होता साधारण तिपटीने वाढतो. नेमका आकडा त्या जागेच्या खडकावर ठरतो. तो मोजूनच काढावा लागतो.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. घर हलवता येत नाही, पण एका क्षणी उडणारे वजन कमी करता येते. सगळी छिद्रे एकदम न उडवता सेकंदाच्या काही सहस्रांश भागांच्या अंतराने एकामागून एक उडवली, तर दगड तितकाच निघतो आणि हादरा घटतो. एका क्षणीचे वजन चौथ्या हिश्शावर आणले, तर घर दुप्पट लांब गेल्यासारखेच होते. थोडा खर्च वाढतो, पण हे तंत्र काही नवे नाही.

इथे दोन्ही बाजूंचे खरे असते, हेही लक्षात घ्यावे. माणसाला सेकंदाला एखाद्या मिलिमीटरचे कंपनसुद्धा जाणवते, आणि तेवढ्याने भिंत तडकत नाही. म्हणून 'घर हादरले' हे बाईचे म्हणणे खरे असते आणि 'मर्यादा ओलांडलेली नाही' हे अभियंत्याचे म्हणणेही खरे असू शकते. भिंतीला तडा मात्र कधीचा आहे, हे दोघांपैकी कोणालाच सिद्ध करता येत नाही. यावर उपाय सोपा आहे. पहिला सुरुंग उडण्यापूर्वी जवळच्या प्रत्येक घराच्या भिंतींची तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि एक प्रत घरमालकाकडे ठेवावी. सुरुंगाची वेळ ठरलेली असावी व ती पाड्यावर सर्वांना ठाऊक असावी. अवचित बसलेला हादरा मनाला जास्त लागतो.

धूळ

दुसरी तक्रार धुळीची. क्रशरमधून उडणारी सगळी धूळ सारखी नसते. डोळ्यांना दिसणारे जाड कण जवळच खाली बसतात. दहा मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे सातव्या हिश्शाएवढा दगडाचा कण मात्र स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम आठ मिलिमीटर खाली येतो. दहा मीटर उंचीवरून तो जमिनीवर यायला वीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात सेकंदाला दोन मीटर वेगाचा मंद वारा त्याला सव्वादोन किलोमीटरपेक्षाही दूर नेतो. म्हणूनच क्रशर पाड्याच्या कोणत्या दिशेला आहे, याला अंतराइतकेच महत्त्व असते. असे बारीक कण श्वासाबरोबर आत जातात, आणि त्यांतील सर्वांत बारीक फुप्फुसात खोलवर पोहोचतात. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचे प्रमाण २४ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे.

धूळ उगमाशीच अडवणे सर्वांत स्वस्त पडते. क्रशर व पट्टे पत्र्याने झाकणे, दगड पडतो तिथे पाण्याचा फवारा मारणे, रस्ता भिजवणे आणि वाऱ्याच्या बाजूला झाडांची दाट रांग लावणे, हे नेहमीचे उपाय आहेत. पण उन्हाळ्यात हे पाणी आणायचे कोठून? गावाच्या विहिरीतून टँकर भरला, तर धुळीची तक्रार मिटून तिसरी तक्रार सुरू होते.

पाणी

शहापूर तालुक्याचे पाण्याशी नाते मोठे विचित्र आहे. १८९२ साली पूर्ण झालेला तानसा तलाव, नंतरची वैतरणेवरची धरणे आणि भातसा धरण या परिसरातून मुंबईला पाणी जाते. भातसा हा त्या शहराचा सर्वांत मोठा स्रोत आहे. आणि याच तालुक्यातील अनेक पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. इथला शेतकरी नव्या प्रकल्पाकडे संशयाने पाहतो, त्याचे मूळ या इतिहासात आहे. कंपनीच्या प्रतिनिधीला तो अडेलतट्टूपणा वाटतो. वास्तविक तो अनुभव असतो.

बेसाल्टमध्ये पाणी सगळीकडे सारखे मुरत नाही. घट्ट कातळात ते जवळजवळ साठत नाही. वरचा कुजलेला मुरूम, खडकातील भेगा आणि दोन लाव्हा थरांमधला सच्छिद्र भाग यांत ते साठते, आणि जिथे असा थर डोंगराच्या उतारावर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. पाड्याचे पिण्याचे पाणी बहुतेक वेळा अशाच एखाद्या झऱ्याचे किंवा त्याखालच्या विहिरीचे असते. खाणीने हा थर मध्येच कापला, तर पाणी झऱ्याकडे जाण्याऐवजी खाणीच्या खड्ड्यात पाझरते. याउलट खाण झऱ्याच्या पाणलोटाबाहेर असेल, तर झऱ्यावर काहीच परिणाम होत नाही. त्यामुळे 'खाणीने पाणी आटते' आणि 'खाणीने पाणी आटत नाही' ही दोन्ही विधाने जागा पाहिल्याशिवाय करणे चूक आहे. खाण सुरू होण्यापूर्वी किमान एक पूर्ण वर्ष विहिरींची पातळी आणि झऱ्याची धार मोजलेली असेल, तरच पुढे काय बदलले हे सांगता येते. धूळ बसवायला लागणारे पाणी खाणीच्याच वापरून झालेल्या खड्ड्यात पावसाळ्यात साठवावे, ही अट गावाने आधीच घालावी.

कोणाला विचारायचे?

आता विचारण्याकडे वळू. शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. अशा क्षेत्रांसाठी संसदेने १९९६ साली पंचायतींच्या विस्ताराचा कायदा केला. तो 'पेसा' या नावाने ओळखला जातो. दगड, वाळू, मुरूम यांना कायद्याच्या भाषेत गौण खनिजे म्हणतात. त्यांचा खाणपट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरील पंचायतीची शिफारस घेणे या कायद्याने बंधनकारक केले. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. त्यांनुसार एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन आपली ग्रामसभा भरवता येते. याशिवाय, पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरणविषयक मंजुरी घ्यावी लागेल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला.

पाड्याची ग्रामसभा का महत्त्वाची, हे नकाशा पाहिला की कळते. गावठाण खाणीपासून दोन किलोमीटरवर असते आणि पाडा टेकडीच्या पायथ्याशी, दोनशे मीटरवर. मोठ्या गावाच्या सभेत गावठाणाचे हात जास्त वर होतात. धूळ आणि हादरा मात्र पाड्याच्या वाट्याला येतो. दुसरी अडचण वेळेची. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. फेब्रुवारीत सभा घेऊन 'कोणी हरकत घेतली नाही' असे लिहिले, तर कागद बरोबर असतो, पण ज्यांना विचारायचे ते तिथे नसतातच. ज्या चालकाला खरोखर संबंध हवे आहेत, त्याने सभा पावसाळ्यात, पाड्यावर, लोकांच्या बोलीत घ्यावी आणि बायकांना बोलू द्यावे. पाणी भरायला त्याच जातात. झरा कधी बारीक होतो हे त्यांनाच ठाऊक असते.

न विचारता पुढे गेल्यास काय होते, याचे उदाहरण मुरबाडमध्येच आहे. ते खाणीचे नसून धरणाचे आहे, पण धडा तोच. काळू नदीवरील धरणात सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन जाणार होती. वनविभागाच्या कायद्याने लागणारी मंजुरी नसताना आणि ग्रामसभांचा विरोध असताना २०११ मध्ये काम सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. पैसा, यंत्रे आणि विश्वास, तिन्ही अडकून पडले.

ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील बॉक्साइटच्या खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांनाच विचारायला सांगितले. डोंगरिया कोंध आदिवासींच्या भागातील बाराही ग्रामसभांनी नकार दिला. कायदेशीर परवानगी हाती असली तरी ती पुरत नाही, हे ऑस्ट्रेलियात दिसले. तिथे मे २०२० मध्ये रिओ टिंटो कंपनीने जुकान दरीतील, ४६,००० वर्षांपूर्वीपासूनच्या मानवी वस्तीच्या खुणा असलेल्या गुहा लोहखनिजासाठी सुरुंगाने उडवल्या. कागदोपत्री परवानगी होती. तरीही मूळ रहिवाशांच्या संतापानंतर आणि जगभरच्या टीकेनंतर कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला पद सोडावे लागले. आपल्या डोंगरांवरही वाघदेव असतो, वीर असतात. नकाशावर ते नसतात, विचारल्यावरच कळतात.

मोजणार कोण?

होकार मिळाला म्हणजे संबंध जुळला असे नाही. तो तिथून सुरू होतो. मोजमाप कंपनीनेच केले तर गाव विश्वास ठेवत नाही, आणि गावाकडे उपकरणे नसतात. कॅनडाच्या वायव्य प्रदेशातील एकाती हिऱ्याच्या खाणीसाठी १९९७ साली यावर एक मार्ग काढण्यात आला. पर्यावरणावर लक्ष ठेवणारी एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिचे सदस्य नेमण्यात स्थानिक आदिवासी समाजांनाही वाटा मिळाला, आणि खर्च कंपनीने उचलला. पैसे एकाचे, पण मोजपट्टी सर्वांची, हे त्यातले तत्त्व. खडीच्या एका खाणीसाठी एवढी मोठी संस्था लागत नाही. सुरुंगाच्या वेळी ग्रामसभेने निवडलेले दोघे कंपनमापकापाशी हजर असावेत आणि आकडा त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला जावा, एवढे पुरे आहे. मर्यादा ओलांडली तर काम किती दिवस थांबेल आणि भरपाई काय, हे आधीच लिहून ठेवलेले असावे.

देणे आणि देणगी यांतला फरकही स्पष्ट हवा. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची तरतूद झाली. खाणकामाने बाधित झालेल्या लोकांसाठी आणि भागांसाठी हा निधी असतो. तो लोकांचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. खाणचालकाने या हक्काची माहिती गावाला स्वतःहून दिली, तर दहा वेळा वह्या वाटण्यापेक्षा त्याची पत अधिक वाढेल.

शेजाऱ्यांमध्ये खाणीत काम करणारे मजूरही येतात. ते अनेकदा दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेले असतात आणि त्यांची मुले शाळेबाहेर राहतात. पुण्याच्या 'संतुलन' संस्थेने अशा मुलांसाठी खाणींवरच 'पाषाण शाळा' चालवल्या. आपल्या शाळेच्या परिसरात खाण असेल, तर तिथली मुले पटावर आहेत का, हे शिक्षकांनी अवश्य पाहावे.

शेवटचा प्रश्न खाण संपल्यावरचा. उभ्या कडांचा, पाण्याने भरलेला खड्डा गुरांना आणि पोहायला उतरणाऱ्या मुलांना धोक्याचा ठरतो. कडा पायऱ्यांच्या उताराच्या ठेवल्या, वर कुंपण घातले आणि पाण्यापर्यंत उतरायला सुरक्षित वाट केली, तर तोच खड्डा उन्हाळ्यात उपयोगी पडतो. हे काम शेवटी करायचे म्हटले तर होत नाही, कारण तोवर यंत्रे निघून गेलेली असतात. त्यासाठीचे पैसे पहिल्या वर्षापासून वेगळे काढायला हवेत.

शाळेत काय करता येईल?

विहिरीच्या काठावर एक खूण करून दोरीने दर पंधरवड्याला पाण्याची खोली मोजावी. झऱ्याखाली बादली धरून ती भरायला लागणारे सेकंद लिहावेत. पांढऱ्या कागदाला तेलाचा पातळ हात देऊन तो खाणीच्या दिशेला आणि विरुद्ध दिशेला एकेक दिवस टांगावा व भिंगाखाली कण मोजावेत. रस्त्यावरून जाणारे ट्रक तासातासाला मोजून आलेख काढावा. यांतले कोणतेही मोजमाप न्यायालयात पुरावा म्हणून नेण्याइतके काटेकोर नसेल. परंतु तीन वर्षांची अशी वही शाळेत असेल, तर ग्रामसभेत बोलणाऱ्याला 'पूर्वी पाणी होते' याऐवजी 'गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी चार हात खोल होते, यंदा सात हात आहे' असे म्हणता येईल. समोरच्या अभियंत्यालाही मग त्याचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागेल. ज्या गावाजवळ आज खाण नाही, तिथे ही वही आताच सुरू करावी. नंतर तुलना करायला आधीचे आकडे लागतात.